योकाई, देवचार आणि परत न केलेली भांडी

आयुष्याचा अर्थ शोधायला आपण थेट जपानला जायला तयार असतो. वाटेत चार भुतं भेटली तरी चालतात. पण तिथली भुतं जे सांगतात, ते मालवणजवळच्या एका तळ्याने कधीच सांगून ठेवलंय.

खरं सांगा, तुमच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर सध्या कोण आहे? आमच्या वर्गात तिघांच्या मोबाइलवर ‘स्पिरिटेड अवे’मधला नो-फेस आहे. एकीच्या सॅकला तोतोरो लटकतोय. सप्टेंबर 2025 मध्ये ‘डिमन स्लेयर’चा सिनेमा थिएटरला लागला, तेव्हा अर्धा वर्ग लेक्चरला नव्हता आणि कुठे होता हे सरांनाही माहीत होतं. हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत ‘इकिगाई’ची एक तरी प्रत सापडते, अर्धी वाचून उलटी ठेवलेली. त्याच्या शेजारी ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’. त्या कॅफेतल्या एका खुर्चीवर कोण बसलेलं असतं, आठवतंय ना? एक भूत. तेही शांतपणे पुस्तक वाचत.

या सगळ्या गोष्टींमधून एक साचा आपल्या डोक्यात पक्का बसलाय. शहरात घुसमटलेला, नोकरीला नाहीतर ब्रेकअपला कंटाळलेला कुणीतरी सगळं सोडून परदेशात जातो. बहुतेकदा जपानला. तिथे डोंगरातलं एखादं जुनं देऊळ, पाऊस, एक मांजर. मग एक आत्मा भेटतो आणि आपल्याला जगायचं कशासाठी ते त्या माणसाला कळतं. अशी कादंबरी हातात आली की मी पण एका बैठकीत संपवते. हसायचं काही कारण नाही. विशीत ‘मी नक्की कशासाठी आहे’ हा प्रश्न पडणं आणि त्याचं उत्तर आपल्या गावात नसणार असं वाटणं, यात चुकीचं काहीच नाही.

फक्त एक गोष्ट तपासून बघावीशी वाटली. हा प्रवास कुणी खरंच केला होता का? आणि केला असेल, तर त्याला तिथे नक्की काय मिळालं?

एक डोळा आणि सेत्सुचा आवाज

केला होता. त्याचं नाव लाफ्काडिओ हर्न. 1850 मध्ये लेफ्काडा या ग्रीक बेटावर जन्म. आई ग्रीक, वडील आयरिश. लहानपणीच दोघंही दुरावले, पोरगा डब्लिनमध्ये नातेवाइकांकडे वाढला. शाळेत असताना अपघातात एक डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ रिकाम्या खिशाने अमेरिकेत आला आणि तिथे पेपरात रिपोर्टर झाला. म्हणजे आमच्याच धंद्यातला. पण कुठल्याच गावाला तो ‘माझं’ म्हणू शकला नाही.

1890 मध्ये एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला म्हणून तो जपानला पोहोचला. मासिकाबरोबरचा करार थोड्याच दिवसांत मोडला. जपान मात्र त्याने सोडला नाही. मात्सुए नावाच्या लहान शहरात इंग्रजी शिकवायची नोकरी धरली आणि तिथे त्याला सेत्सु भेटली. एका गरीब झालेल्या सामुराई घराण्यातली मुलगी. त्याला धड जपानी येत नव्हतं, तिला इंग्रजी येत नव्हतं. दोघांनी मिळून मोडक्यातोडक्या जपानीची एक घरगुती भाषाच तयार केली.

या भाषेत सेत्सु त्याला भुतांच्या गोष्टी सांगायची. रात्री तो दिव्याची वात बारीक करायचा आणि ऐकत बसायचा. तिने पुस्तक उघडून वाचायला घेतलं की त्याला चालायचं नाही. पुस्तक बाजूला ठेव, तुझ्या शब्दांत सांग, तुला जसं वाटतं तसं सांग, असा त्याचा हट्ट असे. एकच गोष्ट तो पुन:पुन्हा सांगायला लावायचा. त्या ऐकण्यातून 1904 मध्ये ‘क्वायदान’ हे पुस्तक आलं. बर्फातून येणारी युकी-ओन्ना जगाला माहीत झाली ती या पुस्तकामुळे. हर्न त्याच वर्षी वारला. तोपर्यंत त्याने जपानचं नागरिकत्व घेतलं होतं आणि त्याचं नाव कोइझुमी याकुमो झालं होतं. कोइझुमी हे सेत्सुचं आडनाव.

पुस्तकावर नाव त्याचं एकट्याचं. सेत्सुच्या आयुष्यावर बेतलेली ‘बाकेबाके’ ही मालिका जपानच्या एनएचके वाहिनीवर आली ती 2025 मध्ये. म्हणजे गोष्टी सांगणारी बाई समोर यायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

आता बघा, ‘परदेशी माणूस जपानला गेला आणि त्याला आत्मे भेटले’ एवढंच आपण म्हणतो. त्याला खरं तर भेटली एक सांगणारी. आणि त्याच्याकडे होता ऐकायचा चिवटपणा. भुतं मात्सुएत आधीपासून होतीच. मात्सुएच्या लोकांना त्यांचं कौतुक उरलं नव्हतं, इतकंच.

हॉस्टेलवर गावच्या गोष्टी सांगणारा पोरगा

तुम्ही म्हणाल, हा तर बाहेरचा माणूस. घरातल्या माणसाला घरातलं कधी दिसतं का?

तर दुसरी गोष्ट ऐका. 1908 मध्ये टोकियोत सासाकी किझेन नावाचा एक तरुण राहत होता. वय 22. डोंगरातल्या तोनो भागातून आलेला, लेखक व्हायचं स्वप्न घेऊन. तुम्ही मालवण-कुडाळहून पुण्याला येता, तसाच. त्याला गावाकडच्या गोष्टी खूप यायच्या. नदीतले कप्पा, घरात राहणारा लहान मुलासारखा आत्मा झाशिकी-वाराशी, डोंगरात हरवलेल्या बायका. यानागिता कुनिओ या सरकारी अधिकाऱ्याने त्या ऐकल्या, लिहून काढल्या आणि 1910 मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ छापलं. 119 छोट्या छोट्या नोंदी. पहिल्या आवृत्तीच्या फक्त 350 प्रती. आज जपानमधला लोककथांचा अभ्यास सुरू होतो तो या पुस्तकापासून.

तुम्ही आज ॲनिमेमध्ये जे योकाई बघता, त्यांच्या मुळाशी शोधत गेलात तर कुठेतरी असा एखादा पोरगा किंवा एखादी म्हातारी सापडते. ‘गेगेगे नो कितारो’ काढणारा शिगेरू मिझुकी साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरात वाढला. लहानपणी त्याला शेजारची एक म्हातारी भुतांच्या गोष्टी सांगायची. पुढे महायुद्धात त्याचा डावा हात गेला. उरलेल्या हाताने त्याने आयुष्यभर तिचे योकाई काढले. आज त्या गावच्या रस्त्यावर योकाईंचे पावणेदोनशेहून जास्त ब्राँझचे पुतळे आहेत आणि ते बघायला लोक लांबून येतात. मासळीचा वास असलेलं एक गाव, समुद्र आणि एक गोष्टी सांगणारी म्हातारी. मालवणपेक्षा त्यात वेगळं काय होतं?

दोन देश, एकच तळं

आता आपण गावी येऊ. मालवणहून आत गेलात की धामापूरचं तळं लागतं. काठावर भगवती देवीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. तळं 1530 मध्ये बांधलेलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. ही झाली सरकारी माहिती. गावातली माहिती वेगळी आहे. पूर्वी म्हणे कुणाकडे लग्न असलं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, की फुलांचे दागिने करायचे, परडीत ठेवून तळ्यात सोडायचे आणि देवीला सांगायचं. परडी सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य झालं की सगळे दागिने परत तळ्यात. एकदा कुणीतरी ते परत केलेच नाहीत. तेव्हापासून परडी वर आली नाही.

कोकणात बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट भांड्यांची म्हणून सांगतात. तळ्याकडे पंगतीची भांडी मागायची, दुसऱ्या दिवशी ती काठावर हजर. आणि शेवट तोच. कुणीतरी एखादं भांडं ठेवून घेतलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि ती फक्त आपलीच आहे असं मला वाटायचं. मग जपानबद्दल वाचताना ‘वानकाशी’ नावाचा कथाप्रकार सापडला. वान म्हणजे वाडगा, काशी म्हणजे उसना देणं. पाहुणे येणार आणि घरात भांडी नाहीत, अशा वेळी डोहाला किंवा गुहेला जाऊन सांगायचं. सकाळी वाडगे तयार. एक दिवस कुणीतरी ते कमी परत केले. त्यानंतर डोहाने काही दिलं नाही. जपानमध्ये ठिकठिकाणी ही गोष्ट सांगतात आणि यानागितानेही तिच्यावर लिहिलंय.

मी वाचताना थांबलेच. हजारो किलोमीटरचं अंतर, एकमेकांचं नावही माहीत नसलेली गावं, आणि दोन्हीकडे माणसाची चूक तीच. घेतलं, आणि परत केलं नाही.

एवढ्यावरच थांबत नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लेखक जयवंत दळवींचं हे गाव. वेतोबाला नवस फेडताना चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. का? तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. आता टोकियोतलं सेन्सो-जी मंदिर गुगलवर बघा. राखणदार निओच्या दारावर गवताची सुमारे साडेचार मीटर लांबीची चप्पल टांगलेली दिसेल. एवढी चप्पल घालणारा इथे राखणीला आहे म्हटल्यावर वाईट शक्ती बाहेरूनच पळणार, असा त्यामागचा भाव. इथेही हिशेब स्पष्ट आहे. तू आमच्यासाठी चालतोस, तर तुझ्या पायाची काळजी आम्ही घेऊ.

देवचार, राखणदार, वेतोबा, योकाई. नावं बदलतात, पण बहुतेक गोष्टींच्या तळाशी एक देवाणघेवाण असते. या जागेकडून तू काही घेतोयस. मग या जागेला तू काय देणार?

आता ‘स्पिरिटेड अवे’ पुन्हा बघा. चिहिरोचे आई-बाबा डुक्कर का होतात? कुणाला न विचारता समोरचं खातात म्हणून. घाणेरडा वास मारणारा तो पाहुणा कोण निघतो? नदीचा देव. त्याच्या अंगातून काय ओढून काढतात? सायकल आणि माणसांनी फेकलेला कचरा. आणि हाकूला परत जायला जागा का उरलेली नाही? तो ज्या नदीचा आत्मा, ती बुजवून तिथे इमारती उभ्या राहिल्यात. आपण रडतो हाकूसाठी. आणि सुट्टीत तारकर्लीला आलो की चिप्सचं पाकीट वाळूतच सोडून जातो.

कोंडुऱ्याची अट

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आता आम्ही भुतांवर विश्वास ठेवायचा? नाही. आणि हे सांगायला मला जपानला जावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या लेखकाने सांगितलंय.

चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू. 1930 मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांची राई इथे जन्म. कुडाळला खानावळ सांभाळता सांभाळता कविता लिहिणारा हा माणूस पुढे मुंबईला गेला. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाचा खडकाळ समुद्रकिनारा आहे. त्या नावाची खानोलकरांची कादंबरी आली 1966 मध्ये. तिच्यावर श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये सिनेमा केला. अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी. नक्की बघा.

गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यानेच सुरू होते. अपमान सोसून घर सोडलेला एक माणूस. आयुष्याला अर्थ नाही. समुद्राकाठी त्याला कोंडुरा भेटतो, वरदान देतो, सोबत एक अट घालतो. बघा, शोध आहे, आत्मा आहे, साक्षात्कार आहे. पण पुढे कॉफी, मांजर आणि मन:शांती येत नाही. त्या माणसाला वाटू लागतं की आपण निवडलेले आहोत. गाव त्याला देवमाणूस मानायला लागतं. आणि त्या खात्रीपायी जो अनर्थ होतो, त्याची किंमत एका बाईला मोजावी लागते.

खानोलकरांची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आयता मिळालेला ‘अर्थ’ हातात घेऊन जो दुसऱ्यांच्या आयुष्याचे निर्णय घ्यायला लागतो, त्याच्यापासून सावध राहायला ती शिकवते. आपल्याकडे हे कादंबरीपुरतं राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो उगाच नाही. देवचाराची गोष्ट सांगणारी आजी आणि देवचार काढून देतो म्हणून पैसे मागणारा बुवा यांच्यात फरक आहे. आजी गोष्ट देते. बुवा भीती विकतो. हा फरक ओळखता आला की गोष्टी बिनधास्त ऐका.

मग जायचं की नाही?

जा की! भारत आणि जपानने ऑगस्ट 2025 मध्ये ठरवलंय की पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी, त्यात 50 हजार कुशल भारतीय जपानला जावेत. पुण्यात जपानी शिकणारी पोरं पैशाला पासरी आहेत. जेएलपीटीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-फाइव्हपासून सुरुवात करा. पु. ल. देशपांडे जपान फिरून आले आणि ‘पूर्वरंग’ लिहिलं. बाहेर गेल्याशिवाय काही गोष्टी दिसत नाहीत, हे खरंच आहे. मला स्वतःला धामापूरची परडी नीट दिसली ती जपानच्या वाडग्यामुळे.

पण जाण्याआधी एक काम करा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा आजीजवळ, आजोबांजवळ, शेजारच्या काकींजवळ जाऊन बसा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावा, पण आधी विचारून. ‘भुताची गोष्ट सांग’ असं म्हणू नका, त्या लाजतात नाहीतर टाळतात. ‘त्या वाटेने संध्याकाळी का जायचं नाही?’ असं विचारा. ‘या वडाखाली नारळ का ठेवतात?’ असं विचारा. जागेबद्दल विचारलं की गोष्ट आपोआप येते. मालवणीत सांगत असतील तर मालवणीतच लिहून घ्या. हर्नचा नियम पाळा: पुस्तकातलं नको, तुमच्या शब्दांत सांगा. आणि सेत्सुचं जे झालं ते होऊ देऊ नका. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर वर त्यांचंच नाव लिहा.

हे आत्ताच का करायचं? कारण वाडीतली अर्धी घरं आता वर्षातले अकरा महिने बंद असतात. सांगणारे कमी होतायत आणि विचारणारे त्याहून कमी. सासाकीला टोकियोत ऐकणारा भेटला म्हणून तोनो राहिलं. नाहीतर 119 गोष्टी हॉस्टेलच्या गप्पांतच विरून गेल्या असत्या.

मी गेल्या मे महिन्यात हे केलं. रात्री लाइट गेली होती, आम्ही दोघी खळ्यात बसलो होतो. मी आजीला विचारलं, हे सगळं तू मला आधी का नाही सांगितलंस? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेड्यासारखं काही बोलतेय.

‘‘तू इचारलंस नाय, मी सांगलंय नाय. इतकी वर्षां खंय होतंस गो?’’

खंय होतंय? वॉचलिस्टवर होते. पण ते तिला कसं सांगणार? म्हणून मी तिला जपानच्या डोहाची गोष्ट सांगितली. वाडगे, पाहुणे, उसनवारी, सगळं. ती एकदम लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली,

‘‘मगे? त्यांनी तरी भांडी परत केली?’’

‘‘नाही गं, त्यांनीपण ठेवून घेतली.’’

आजी हसली. म्हणाली, ‘‘माणसां सगळीकडे सारकीच.’’ आणि मग कुणी न विचारता तिने पुढची गोष्ट सुरू केली.